विंचवाच्या विषाने दुबळे झालेले हृदय सावरते, मग हृदयविकाराच्या झटक्यात मेलेला भाग का भरून येत नाही?

कातळसडा (धागाकर्ता)

पेंढ्याची उडवी उसकताना किंवा पावसाआधी गडग्याचे निसटलेले चिरे परत बसवताना विंचू चावल्याची एखादी तरी हकीकत कोकणातल्या प्रत्येक वाडीत ऐकायला मिळते. मोठी काळी इंगळी दिसायला भयंकर असली, तरी जीव घेतो तो जांभ्याच्या फटीत बसणारा लहानसा तांबडा विंचू. त्याच्या दंशाने माणूस दगावतो, तो मुख्यतः हृदयाच्या स्नायूला झालेल्या इजेमुळे आणि तिच्यामागोमाग फुप्फुसांत साचणाऱ्या पाण्यामुळे. मी डॉक्टर नाही, महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवतो. हृदयस्नायूची इजा आणि तिची भरपाई यांवरचे संशोधन वाचताना एक प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटत आला आहे आणि त्यावर येथे सविस्तर चर्चा व्हावी, अशी इच्छा आहे.

तांबड्या विंचवाच्या विषाने काही रुग्णांचे हृदय इतके दुबळे होते की टूडी इकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, डावा कप्पा जेमतेम हलताना दिसतो. ईसीजी बिघडलेला असतो आणि हृदयस्नायूच्या इजेची खूण असलेले ट्रोपोनिन हे प्रथिनही रक्तात वाढलेले असते, म्हणजे कागदावर सारे काही हृदयविकाराच्या झटक्यासारखेच दिसते. तरीही असा रुग्ण पहिले दोन-तीन दिवस तरला, तर त्याचे हृदय बहुधा काही दिवसांत किंवा आठवड्यांत पूर्ववत चालू लागते. झटक्यानंतर मात्र स्नायूच्या जागी व्रण तयार होतो आणि तो आयुष्यभर राहतो. हा फरक कशामुळे पडतो?

विषातले घटक मज्जातंतूंमधल्या सोडियमच्या वाटा उघड्या ठेवतात, त्यामुळे ॲड्रेनॅलिन आणि नॉरॲड्रेनॅलिन यांचा लोंढा रक्तात सुटतो. रक्तवाहिन्या आवळल्या जातात, रक्तदाब चढतो, हातपाय थंड पडतात आणि हृदयाला मोठ्या दाबाविरुद्ध रक्त ढकलावे लागते. त्याच वेळी स्नायुपेशींच्या आत कॅल्शियमचा अतिरेक होतो. काही विखुरलेल्या पेशी मरतातही, परंतु बहुसंख्य पेशी जिवंत राहून फक्त आकुंचन पावण्याची शक्ती तात्पुरती गमावून बसतात. रक्तपुरवठा परत मिळालेला, पेशी जिवंत असलेला आणि तरीही आकुंचन न पावणारा असा स्नायू झटक्याच्या रुग्णांतही आढळतो. ब्राउनवाल्ड आणि क्लोनर यांनी 1982 मध्ये या अवस्थेची मांडणी केली. तिला आपण बधिर स्नायू म्हणू. पेशीचे आवरण शाबूत असते आणि मायटोकाँड्रिया, म्हणजे पेशीतली ऊर्जाकेंद्रे, पुन्हा ऊर्जा देऊ लागतात, म्हणून असा स्नायू आपला आपणच सावरतो.

झटक्यात धमनी बंद पडते आणि तिच्यापुढच्या स्नायूला प्राणवायू मिळेनासा होतो. हृदयाची स्नायुपेशी क्षणभरही विश्रांती घेत नाही आणि तिच्या आकारमानाचा जवळजवळ तिसरा हिस्सा मायटोकाँड्रियांनी व्यापलेला असतो, त्यामुळे प्राणवायूच्या तुटवड्यात ती फार काळ तग धरू शकत नाही. रायमर आणि जेनिंग्ज यांनी 1977 मध्ये कुत्र्यांवर केलेल्या प्रयोगांत दाखवून दिले की पेशींचा मृत्यू हृदयाच्या भिंतीच्या आतल्या बाजूने सुरू होतो आणि लाटेसारखा बाहेरच्या बाजूला सरकत जातो. धमनी 40 मिनिटे बंद ठेवली, तर भिंतीच्या जाडीचा सुमारे 38 टक्के भाग मरतो. 6 तासांनी हे प्रमाण सुमारे 71 टक्क्यांवर जाते. माणसात आकडे बदलतात, कारण आजूबाजूच्या लहान वाहिन्यांकडून मिळणारा आधार प्रत्येकात वेगळा असतो, पण लाटेची दिशा तीच राहते.

यापुढचे काम शरीर फार शिस्तीने करते. पहिल्या दोन-तीन दिवसांत न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी येतात, त्यांच्या मागोमाग मॅक्रोफेज या सफाई करणाऱ्या पेशी येऊन मेलेला मलबा उचलतात आणि मग फायब्रोब्लास्ट पेशी कोलॅजेनचे धागे विणू लागतात. पहिल्या आठवड्यात मलबा उपसलेला असतो आणि नवे धागे अजून पुरेसे विणलेले नसतात, म्हणून भिंत तेव्हा सर्वांत नाजूक असते. दीड-दोन महिन्यांत पांढरट, घट्ट व्रण तयार होतो. हा व्रण नसता तर भिंत फाटली असती, म्हणून त्याला निव्वळ नुकसान मानणे मला योग्य वाटत नाही. तथापि व्रण आकुंचन पावत नाही. उरलेल्या स्नायूवर भार वाढतो आणि कप्पा हळूहळू फुगत जातो.

माझे म्हणणे असे आहे की हृदयाच्या भरपाईविषयी आपण जे काही वाचतो, त्यात बधिर स्नायू आणि मेलेला स्नायू यांची सतत सरमिसळ होते आणि आजच्या बहुतेक खोट्या आशा त्या सरमिसळीतूनच जन्माला येतात. जाणकारांनी यात भर घालावी.

पाखाडी

सर, आपण विंचूदंशापासून सुरुवात केलीत याचा आनंद वाटला. मी परिचारिका आहे आणि माझी बरीच नोकरी रायगड जिल्ह्यातल्या ग्रामीण भागात झाली. या विषयात डॉ. हिंमतराव बावस्करांचा उल्लेख झालाच पाहिजे. 1976 मध्ये ते महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले, तेव्हा तांबड्या विंचवाच्या गंभीर दंशाचे अनेक रुग्ण डोळ्यांदेखत दगावत असत. रुग्णाच्या उशाशी बसून त्यांनी लक्षणांचा क्रम टिपला आणि 1982 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यावर निबंध लिहिला. पुढे त्यांनी प्राझोसिन हे रक्तदाबाचे साधे, स्वस्त औषध या रुग्णांसाठी वापरले. विषामुळे आवळलेल्या रक्तवाहिन्या हे औषध सैल करते आणि हृदयावरचा भार उतरवते. ज्या केंद्रात मॉनिटर नाही आणि अतिदक्षता विभाग नाही, तेथे गोळीच्या रूपात देता येणारा उपचार मिळणे ही केवढी मोठी गोष्ट होती, हे त्या खोल्यांत काम केलेल्या माणसालाच कळेल. त्यांना 2022 मध्ये पद्मश्री मिळाली, पण आमच्या भागातल्या माणसांना त्यांचे नाव त्याआधीपासून ठाऊक होते.

लहान मूल येते तेव्हा काय दिसते ते सांगते. कपाळावरचा घाम पुसला तरी क्षणात पुन्हा फुटतो, अंगातला सदरा पिळून निघावा इतका भिजलेला असतो, ओकाऱ्या होतात, तोंडाला लाळ सुटते आणि हाताचा पंजा बर्फासारखा लागतो. मुलगा असेल तर लिंगाला ताठरपणा येतो. हे लक्षण घरच्यांनी संकोचाने लपवू नये. प्राझोसिन किलोला 30 मायक्रोग्रॅम या हिशेबाने दर तीन तासांनी देतात आणि आम्ही प्रत्येक वेळी तळपाय हातात घेऊन बघतो. तळवे कोमट लागू लागले की आवळलेल्या वाहिन्या सुटू लागल्याचे समजते आणि डॉक्टर औषध थांबवायचे की चालू ठेवायचे ते ठरवतात. पहिल्या मात्रेनंतर रक्तदाब एकदम घसरू शकतो, त्यामुळे मुलाला उचलून कडेवर घ्यायचे नाही, आडवेच ठेवायचे, हे आईला वारंवार सांगावे लागते. पुढे महाडलाच डॉ. बावस्करांनी 70 रुग्णांवर तुलनात्मक अभ्यास केला आणि तो 2011 मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आला. प्राझोसिनच्या जोडीला विंचूविषावरचे प्रतिविष दिलेल्या 35 पैकी 32 रुग्णांची लक्षणे दहा तासांत पूर्ण ओसरली. नुसते प्राझोसिन मिळालेल्यांत ही संख्या 35 पैकी 8 होती.

अजूनही काही ठिकाणी विंचू उतरवून घेण्यात पहिले दोन तास जातात. ठणका कमी झाला म्हणजे विष उतरले, असा समज आहे. प्रत्यक्षात गंभीर रुग्णांत ठणका कमी आणि घाम जास्त, असेही घडते. घाम आणि थंड पंजा दिसला की गाडी काढावी.

नारळीबाग

वरील दोन्ही प्रतिसाद वाचून माझ्या घरचा प्रश्न विचारण्याचे धैर्य झाले. माझ्या वडिलांना गेल्या वर्षी झटका आला. छातीत जळजळ होते म्हणून रात्रभर घरीच थांबलो आणि सकाळी दवाखान्यात गेलो. अँजिओप्लास्टी झाली, पण हृदयाची पंपिंग क्षमता 30 टक्क्यांच्या आसपासच राहिली आहे. एका नातेवाइकांनी एका खासगी केंद्राची माहिती आणून दिली. तेथे रुग्णाच्या अस्थिमज्जेतून मूळपेशी (स्टेम सेल) काढून त्या हृदयात सोडतात आणि मेलेला स्नायू पुन्हा तयार होतो, असे सांगितले जाते. खर्च काही लाखांचा आहे. आम्ही बागेचा एक तुकडा विकण्याचा विचार करत आहोत. त्या पेशींनी स्नायू खरोखर तयार होतो का?

कातळसडा

नारळीबाग, आपण जमीन विकण्याआधी हा प्रश्न विचारलात हे फार बरे केलेत. माझे उत्तर स्पष्ट आहे: त्या पेशींनी हृदयाचा स्नायू तयार होत नाही. हे कशावरून म्हणतो ते सविस्तर लिहितो, कारण आपल्याला नातेवाइकांना समजावून सांगावे लागणार आहे.

2001 मध्ये ‘नेचर’मध्ये एक निबंध आला. अस्थिमज्जेतल्या ठराविक पेशी उंदराच्या इजा झालेल्या हृदयात टोचल्या असता तेथे नवा स्नायू तयार झाला, असा दावा पिएरो अँव्हर्सा यांच्या गटाने त्यात केला होता. जगभर उत्साहाची लाट उठली आणि फार थोड्या काळात माणसांवर चाचण्याही सुरू झाल्या. मात्र 2004 मध्ये त्याच नियतकालिकात दोन स्वतंत्र गटांनी दाखवून दिले की अस्थिमज्जेतल्या त्या पेशी हृदयाच्या स्नायुपेशी बनत नाहीत. पुढे अँव्हर्सा यांनी हृदयातच मूळपेशी असल्याचा दावा केला. 2014 मध्ये उंदरांवरच्या काटेकोर प्रयोगांतून त्या पेशींपासून नवी स्नायुपेशी जवळजवळ होतच नाही असे आढळले. अखेर 2018 मध्ये हार्वर्ड वैद्यकीय विद्यालय आणि ब्रिगम रुग्णालय यांनी चौकशीअंती त्यांच्या प्रयोगशाळेचे 31 निबंध मागे घेण्याची शिफारस केली. विज्ञानाने स्वतःची चूक शोधून काढली हे खरे, परंतु त्याला सतरा वर्षे लागली आणि त्या काळात किती रुग्णांच्या हृदयात सुया गेल्या, याचा विचार मला अस्वस्थ करतो.

यावर कोणी म्हणेल की पेशी टोचल्यानंतर काही रुग्णांची पंपिंग क्षमता थोडी सुधारली होती, त्याचे काय? त्याचे एक चांगले उत्तर 2020 मध्ये मोल्केंटिन यांच्या गटाने दिले. उंदराच्या हृदयात जिवंत पेशींऐवजी मेलेल्या पेशी टोचल्या, किंवा पेशी अजिबात न टोचता दाह निर्माण करणारे रसायन टोचले, तरी तेवढीच सुधारणा दिसली. टोचण्यामुळे मॅक्रोफेज जमा झाले आणि व्रणाचा पोत बदलला; नवा स्नायू उगवला नव्हता.

आपल्या देशातली स्थितीही नातेवाइकांच्या कानावर घाला. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने 2017 मध्ये काढलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या आजारांसाठीचे अस्थिमज्जा प्रत्यारोपण वगळता मूळपेशींचे इतर उपचार केवळ नोंदणीकृत चाचणीतच देता येतात. तशा चाचणीत सहभागी होण्यासाठी रुग्णाकडून पैसे घेतले जात नाहीत. कोणी लाखांचे बिल लावत असेल, तर ते संशोधन नव्हे आणि मान्यताप्राप्त उपचारही नव्हे. बाग विकू नका.

मुळाकाठ

मी मूळचा राजापूरचा, सध्या पुण्यात जीवशास्त्राच्या संशोधनात आहे. कातळसडा सरांच्या मांडणीशी पूर्ण सहमत आहे, परंतु हृदयाचा स्नायू कधीच नव्याने तयार होत नाही, असा अर्थ कोणी काढू नये म्हणून थोडे लिहितो.

शीतयुद्धाच्या काळात वातावरणात अणुचाचण्या झाल्या आणि हवेतले कार्बन 14 एकदम वाढले. 1963 च्या करारानंतर ते कमी होत गेले. त्या त्या वर्षी तयार झालेल्या पेशींच्या डीएनएमध्ये त्याची नोंद राहिली. कॅरोलिन्स्का संस्थेतल्या बर्गमन आणि फ्रिसेन यांनी 2009 मध्ये या नोंदीवरून माणसाच्या हृदयपेशींचे वय काढले. विशीच्या मध्यावर वर्षाला सुमारे 1 टक्का स्नायुपेशी नव्या येतात आणि पंचाहत्तरीला हे प्रमाण 0.45 टक्क्यांवर येते. मोठ्या झटक्यात अब्जाच्या घरात पेशी जाऊ शकतात, त्यापुढे ही गती अगदी अपुरी आहे. मात्र ती शून्य नाही, आणि संशोधकांना यातच वाव दिसतो.

झेब्राफिश हा आपल्या उपखंडातला बोटाच्या पेराएवढा मासा. त्याच्या हृदयाच्या जवनिकेचा, म्हणजे रक्त ढकलणाऱ्या कप्प्याचा, पाचवा हिस्सा कापून टाकला तरी सुमारे दोन महिन्यांत तेथे नवा स्नायू तयार होतो, हे पॉस आणि कीटिंग यांनी 2002 मध्ये दाखवले. तेथे कोणतीही गूढ मूळपेशी येत नाही. शेजारच्याच स्नायुपेशी आपले आकुंचनाचे धागे काही प्रमाणात मोडून पुन्हा विभागू लागतात. उंदराच्या एक दिवसाच्या पिल्लातही ही क्षमता असते आणि ते सात दिवसांचे होईपर्यंत ती मावळते, असे 2011 मध्ये पोरेलो, ओल्सन आणि सादेक यांना आढळले. त्या सात दिवसांत पेशीत नेमके काय बदलते, हा प्रश्न मला या क्षेत्रातला सर्वांत सुंदर प्रश्न वाटतो. जन्मानंतर हृदयाला एकाएकी भरपूर प्राणवायू मिळू लागतो, पेशी साखरेऐवजी मुख्यतः मेदाम्लांवर चालू लागते आणि अनेक पेशींत दोन केंद्रके होऊन विभाजन थांबते. अविरत धडधडण्याची ताकद कमावताना सस्तन प्राण्यांच्या हृदयाने विभागण्याची मोकळीक सोडून दिली असावी.

दुसरी वाट बाहेर पेशी तयार करून हृदयावर लावण्याची आहे. जपानी शास्त्रज्ञ यामानाका यांच्या पद्धतीने त्वचेच्या किंवा रक्ताच्या पेशींना पुन्हा आदिम अवस्थेत नेता येते आणि त्यांच्यापासून खऱ्याखुऱ्या स्नायुपेशी घडवता येतात. सूक्ष्मदर्शकाखाली बशीतला तो पातळ थर आपोआप धडधडताना दिसतो, प्रथम ठिपक्याठिपक्यांनी आणि नंतर एका लयीत. जर्मनीतल्या ग्योटिंगेन येथील गटाने जानेवारी 2025 मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात अशा पेशींचे ठिगळ माकडांच्या आणि एका 46 वर्षांच्या रुग्ण महिलेच्या हृदयावर शिवल्याचे सांगितले आहे. तीन महिन्यांनी तिच्यावर हृदयप्रत्यारोपण झाले, तेव्हा काढलेल्या हृदयावर ते ठिगळ जिवंत आढळले. हे अस्सल काम आहे, परंतु अजून चाचणीच्या टप्प्यावर आहे. माकडांच्या स्नायूत अशा पेशी टोचण्याच्या आधीच्या प्रयोगांत हृदयाची लय बिघडल्याचे दिसले होते आणि दात्याच्या पेशी असल्यास प्रतिकारशक्ती दाबणारी औषधेही घ्यावी लागतात.

खाडीपलीकडे

छोटीशी भर. देवगडच्या कातळावर ज्याच्या भीतीने आपण रात्री बॅटरीशिवाय पाऊल टाकत नाही, त्या फुरशाच्या विषातल्या एका प्रथिनावरून टिरोफिबान हे औषध घडवले गेले. अँजिओप्लास्टीच्या वेळी रक्तातल्या बिंबाणूंची गुठळी होऊ नये म्हणून ते देतात. तांबड्या विंचवाच्या विषातले आयबेरिओटॉक्सिन पेशींतल्या पोटॅशियमच्या वाटांचा अभ्यास करण्यासाठी जगभरच्या प्रयोगशाळांत वापरले जाते.

सह्यपायथा

मी फिजिशियन आहे आणि कोकणातच काम करतो. चर्चा उत्तम चालली आहे. दोन गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट पाखाडीताईंच्या मुद्द्याला जोडून. रायमर-जेनिंग्ज यांच्या लाटेवर आज उपलब्ध असलेला सर्वांत प्रभावी उपाय म्हणजे धमनी लवकर उघडणे. आपल्या वाड्यांपासून अँजिओप्लास्टीच्या सोयीपर्यंत पोहोचायला दोन तासांहून अधिक लागणार असतील, तर जवळच्या रुग्णालयात ईसीजी काढून गुठळी विरघळवणारे इंजेक्शन आधी घ्यावे आणि मग पुढे जावे. 1988 च्या आयसिस-2 चाचणीत 17,187 रुग्ण होते. स्ट्रेप्टोकायनेज हे गुठळी विरघळवणारे औषध आणि ॲस्पिरिन दोन्ही मिळालेल्यांत पाच आठवड्यांतले मृत्यू 13.2 टक्क्यांवरून 8 टक्क्यांवर आले. त्यानंतरच्या इतक्या वर्षांत कोणत्याही पेशी-उपचाराला याच्या जवळपासही जाता आलेले नाही. छातीत दडपण, घाम, डाव्या हाताकडे किंवा जबड्याकडे जाणारी कळ असेल, तर सकाळची वाट पाहू नये. 108 ला फोन करावा. पित्त समजून घालवलेली रात्र आमच्याकडे फार वेळा ऐकायला मिळते.

दुसरी गोष्ट नारळीबाग यांच्यासाठी. वडिलांचा जो भाग हलत नाही, तो सगळाच मेलेला असेल असे नाही. रक्तपुरवठा दीर्घकाळ अपुरा राहिला तर स्नायू आपले काम कमी करून जिवंत राहतो. रहिमतुला यांनी 1980 च्या दशकात ही सुप्त अवस्था मांडली. एमआरआयमध्ये गॅडोलिनियम हे चित्र उठावदार करणारे द्रव्य दिले असता व्रण पांढरा उजळतो आणि जिवंत स्नायू काळा राहतो, त्यामुळे कोणत्या भागात किती व्रण आहे ते मोजता येते. शिवाय एसीई इन्हिबिटर किंवा त्याच्या जागी येणारे नवे औषध, बीटा ब्लॉकर, स्पायरोनोलॅक्टोनसारखे औषध आणि डॅपाग्लिफ्लोझिनच्या गटातले औषध, अशी चारही औषधे त्यांना सुरू आहेत का आणि त्यांच्या मात्रा सोसतील तितक्या वाढवल्या आहेत का, हे आपल्या हृदयरोगतज्ज्ञांना विचारा. या औषधांनी फुगलेला कप्पा काही रुग्णांत पुन्हा लहान होतो. मेलेली पेशी परत येत नाही, पण उरलेल्या पेशींचा भार हलका होतो. बागेच्या किमतीच्या तुलनेत यांचा खर्च अगदी थोडा आहे.

नारळीबाग

सर्वांचे मनापासून आभार. चारपैकी दोनच औषधे सुरू आहेत असे चिठ्ठीवरून दिसते. बाग विकण्याचा विचार आईने आजच मोडीत काढला. एमआरआयबद्दल पुढच्या भेटीत डॉक्टरांशी बोलणार आहे. अहवाल हातात आल्यावर त्यात नेमके काय पाहायचे?

सह्यपायथा

व्रण भिंतीच्या जाडीच्या किती टक्के भागात आहे, ते पाहावे. 2000 साली किम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 50 रुग्णांच्या अभ्यासात दाखवले की व्रण जितका उथळ, तितकी रक्तपुरवठा सुधारल्यावर तो भाग पुन्हा हलू लागण्याची शक्यता अधिक. तीन चतुर्थांशांहून अधिक जाडीत व्रण असलेले भाग जवळजवळ सुधारलेच नाहीत. ज्या भागांत व्रण एक चतुर्थांशाहून कमी आहे, ते कोणत्या धमनीच्या वाट्याचे आहेत आणि ती धमनी आज मोकळी आहे का, एवढे दोन प्रश्न अहवाल घेऊन आपल्या हृदयरोगतज्ज्ञांना विचारा. राहिलेल्या दोन औषधांविषयी मात्र एमआरआयची वाट पाहू नका. किडनीची आणि पोटॅशियमची तपासणी करून घ्या आणि याच आठवड्यात बोला.